विश्लेषण : खिडकीवर नेटवर्क दिसते, तरी यूपीआय पेमेंट मध्येच का अडकते? मोबाइल, बँक आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात कसे?

पनवेल स्थानकाबाहेर वडापाव घेतला, क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले. हा अनुभव आता हार्बर लाइनच्या गर्दीइतकाच सवयीचा झाला आहे. पैसे खात्यातून गेले की नाही हे ग्राहकाला कळत नाही, विक्रेत्याचा साउंडबॉक्स गप्प असतो आणि मागची रांग कुरकुरू लागते. ‘नेटवर्क नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. पण पुष्कळदा नेटवर्क असते. बिघडलेला असतो तो यंत्रांचा आपसातला संवाद. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय काही तास कोलमडले, तेव्हाही कुठली केबल तुटली नव्हती. हा संवाद ज्या नियमांनी चालतो त्यांना प्रोटोकॉल म्हणतात.

प्रोटोकॉल म्हणजे नेमके काय?

दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलायचे, याचा लिखित करार. आधी कोणी बोलायचे, निरोप कोणत्या क्रमाने मांडायचा, पोहोच कशी द्यायची, उत्तर आले नाही तर किती वेळ थांबायचे आणि पुन्हा किती वेळा विचारायचे, हे सगळे त्यात ठरलेले असते. म्हणूनच कोरियन कंपनीचा फोन, युरोपीय कंपनीचा टॉवर आणि भारतीय बँकेचा सर्व्हर यांची आधी कधी भेट झालेली नसतानाही गाठ पडते. वाय-फायचे नियम आयट्रिपलई ही अभियंत्यांची संस्था ठरवते, मोबाइल नेटवर्कचे थ्रीजीपीपी आणि इंटरनेटचे आयईटीएफ. यातले इंटरनेटचे नियम कुणालाही फुकट वाचता येतात. ते वाचायला फारसे कुणी जात नाही, ही गोष्ट वेगळी.

इंटरनेटचा पाया असलेला टीसीपी/आयपी हा करार व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांच्या १९७४ मधील मांडणीतून आला. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने तो स्वीकारला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. तेव्हाच्या कुरकुरणाऱ्या मोडेमपासून आजच्या फाइव्ह-जीपर्यंत तारा, टॉवर, वेग सारे बदलले. आयपीचा गाभा मात्र तोच आहे.

निरोप पोहोचतो कसा?

फोनमधून निघणारी कोणतीही गोष्ट, मग तो फोटो असो वा पेमेंटचा आदेश, छोट्या तुकड्यांत विभागली जाते. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. एका पॅकेटमध्ये साधारण १,५०० बाइट मावतात. म्हणजे तीन एमबीचा फोटो पाठवला की दोन हजारांहून अधिक पॅकेट निघतात.

पनवेलहून पुण्याला निघालेल्या वऱ्हाडासारखे हे असते. काही गाड्या द्रुतगती मार्गाने जातात, काही जुन्या महामार्गाने खोपोलीवरून. आधी निघालेली गाडी आधी पोहोचेलच असे नाही, एखादी वाटेत बंदही पडते. आयपी हा प्रोटोकॉल प्रत्येक गाडीवर फक्त पत्ता लिहितो, ती पोहोचेल याची हमी देत नाही. हमी टीसीपी देतो. तो प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतो, पलीकडून पोहोच मागतो, हरवलेला तुकडा पुन्हा पाठवतो आणि शेवटी सगळे क्रमाने लावतो. बोलणे सुरू करण्यापूर्वी दोन्ही बाजू तीन निरोपांत ‘ऐकू येतंय ना?’ याची खात्री करून घेतात. त्यावर टीएलएस हा तिसरा करार मजकुराला कुलूप लावतो, म्हणून मधल्या कुणाला तुमचा पिन वाचता येत नाही. व्हिडीओ कॉलचे मात्र निराळे आहे. तिथे हरवलेला शब्द दोन सेकंदांनी पुन्हा आणून उपयोग नसतो, म्हणून बहुधा यूडीपी वापरतात. गेले ते गेले, पुढे चला, असा त्याचा खाक्या.

मग पेमेंटला एवढा वेळ का लागतो?

अंतरामुळे नाही. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पनवेलहून मुंबईला जाऊन परत यायला त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. वेळ जातो तो थांब्यांमुळे.

चाळीस रुपये दिले की आदेश आधी तुमच्या अॅपशी जोडलेल्या बँकेकडे जातो. तिथून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनपीसीआयकडे. एनपीसीआय विक्रेत्याच्या बाजूला विचारते की हा यूपीआय पत्ता कोणत्या खात्याचा. मग तुमच्या बँकेला सांगते, पैसे वळते करा. ‘केले’ असे उत्तर आले की विक्रेत्याच्या बँकेला सांगते, जमा करा. तिचेही उत्तर आले की दोन्हीकडे निरोप. एका पेमेंटमागे चार-पाच संस्थांचे सर्व्हर एकापाठोपाठ एक ‘हो’ म्हणतात, तेव्हा कुठे साउंडबॉक्स बोलतो. यातला एक जरी उत्तर द्यायला अडखळला, तरी पडद्यावर चक्र फिरत राहते.

१२ एप्रिलला काय झाले?

मार्च २०२५ मध्ये यूपीआयवर सुमारे १,८३० कोटी व्यवहार झाले होते. यंत्रणेवर ताण होताच. व्यवहार अडकला की बँका एनपीसीआयला एक प्रश्न पाठवतात : या व्यवहाराचे काय झाले? त्याला ‘चेक ट्रान्झॅक्शन स्टेटस’ म्हणतात. नियम असा होता की, असा पहिला प्रश्न ९० सेकंदांनी विचारायचा आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा. एनपीसीआयच्या तपासात आढळले, की काही बँकांकडून या प्रश्नांचा भडिमार सुरू होता. अगदी जुन्या व्यवहारांबद्दलही पुन:पुन्हा विचारणा होत होती. उत्तरे देण्यातच यंत्रणा गुंतली आणि खरे व्यवहार बाहेर ताटकळले. ते ताटकळले म्हणून त्यांच्याबद्दलही प्रश्न आले. दुष्टचक्र पूर्ण झाले.

कळंबोली सर्कलवर कोंडी झाली की मागचे चालक उलट्या मार्गिकेत घुसतात आणि समोरून येणारी वाहतूकही थांबते. तसेच हे झाले. हा ना सायबर हल्ला होता, ना यंत्र जळाले होते. नियम कागदावर होता, पण तो मोडणाऱ्याला दारातच अडवण्याची व्यवस्था पुरेशी नव्हती, एवढाच अर्थ यातून निघतो. ज्या यंत्रणेवर रिक्षाचालकापासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळ्यांचा दिवसाचा गल्ला अवलंबून आहे, तिथे अशा नियमाचे पालन सहभागी बँकांच्या शिस्तीवर सोडणे ही ढिलाईच होती.

अशी कोंडी यापूर्वी झाली होती का?

झाली होती, इंटरनेटच्या बाल्यावस्थेत. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यातील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून चक्क ४० बिटवर घसरला. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम ४०० यार्ड. माणूस चालत जाऊन निरोप देऊन आला असता. कारण तेच होते. पोहोच मिळाली नाही की संगणक तोच तुकडा पुन्हा पाठवत, त्यामुळे गर्दी वाढे, पोहोच आणखी उशिरा येई आणि आणखी तुकडे पाठवले जात.

व्हॅन जेकबसन या अभियंत्याने १९८८ मध्ये मांडलेला उपाय आजही प्रत्येक फोनमध्ये चालतो. सुरुवात हळू करायची, रस्ता मोकळा दिसला तर वेग वाढवायचा, तुकडा हरवला तर ती गर्दीची खूण मानून वेग एकदम कमी करायचा. उत्तर येतच नसेल तर दरवेळी आधीच्या दुप्पट वेळ थांबायचे. टीसीपीला हे वळण लागून साडेतीन दशके झाली. टीसीपीवर उभारलेल्या बँकांच्या प्रणालींना ते वेगळे शिकवावे लागते, कारण खालच्या थराची शिस्त वरच्या थराला आपोआप लागत नाही.

एप्रिलनंतर एनपीसीआयने हाच धडा गिरवला. १६ जून २०२५ पासून पेमेंटच्या उत्तरासाठीची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आली, स्थिती तपासण्याची ३० वरून १० वर. १ ऑगस्टपासून एका अॅपमधून दिवसाला ५० वेळाच खात्यातील शिल्लक पाहता येते. ही मर्यादा अनेकांना जाचक वाटली होती. पण प्रत्येक ‘बॅलन्स बघू’ हाही त्याच रस्त्यावर उतरलेला एक प्रश्न असतो. त्याच महिन्यात यूपीआयने पहिल्यांदा २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला.

पनवेलला डेटा सेंटर आले, मग इथले इंटरनेट वेगवान का नाही?

पनवेलजवळ २०२० मध्ये योट्टा कंपनीचे ७,२०० रॅक क्षमतेचे डेटा सेंटर सुरू झाले. त्यामुळे सर्व्हर शेजारी आले हे खरे. पण शेजारच्या सर्व्हरचा रस्ता शेजारूनच जातो असे नाही. तुमची मोबाइल कंपनी आणि त्या सर्व्हरची कंपनी यांची जाळी जिथे एकमेकांना जोडलेली असतील, तिथे जाऊनच पॅकेट परत येते. ते ठिकाण अनेकदा मुंबई असते. पनवेलमधल्या पनवेलला जायला मुंबईची वारी!

कोणत्या जाळ्याने कुठे जायचे हे बीजीपी नावाचा प्रोटोकॉल ठरवतो. हा मोठ्या प्रमाणात परस्परविश्वासावर चालतो. ‘या पत्त्याचा रस्ता माझ्याकडून जातो’ असे एखाद्याने जाहीर केले की बाकीचे ऐकतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या जाळ्याने चुकून आपलेच रस्ते मागे घेतले आणि व्हॉट्सअॅपसह सगळे सुमारे सहा तास बंद पडले. सर्व्हर धडधाकट होते, फक्त तिथे जायचा रस्ता जगाला ठाऊक नव्हता. याच व्यवस्थेचा फायदा सप्टेंबर २०२५ मध्ये दिसला. तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ मुंबईला येणाऱ्या दोन सागरी केबल तुटल्या. इंटरनेट मंदावले, पण पॅकेट दुसऱ्या वाटेने वळवल्यामुळे बंद पडले नाही.

पेमेंट अडकले तर काय करावे?

प्रत्येक यूपीआय व्यवहाराला १२ अंकी क्रमांक मिळतो. त्याच क्रमांकाचा निरोप नेटवर्कने दोनदा पाठवला तरी यंत्रणेने तो एकदाच धरायचा असतो. पण ग्राहकाने घाईने पुन्हा स्कॅन करून पिन टाकला, तर तो नव्या क्रमांकाचा नवा व्यवहार ठरतो आणि पैसे दोनदा जाऊ शकतात. त्यामुळे ‘पेंडिंग’ दिसत असेल तर थांबावे किंवा तेवढ्यापुरती रोख द्यावी.

खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यक्तीला पाठवलेली रक्कम व्यवहारानंतर एका दिवसात आणि दुकानदाराला दिलेली पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हायला हवी. त्यानंतर उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे आणि त्यासाठी ग्राहकाने तक्रार करण्याची वाट पाहायची नाही. तरीही अॅपमधील त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि १२ अंकी क्रमांक जपून ठेवावा. बँकेत वा ग्राहक सेवा केंद्रात पहिला प्रश्न त्याचाच विचारला जातो.