हरणे दिसतात, हुतात्मे दिसत नाहीत

अंदमानच्या सहलीतील तो एक दिवस आता ठरूनच गेला आहे. सकाळी ॲबर्डीन धक्क्यावरून बोट सुटते. नॉर्थ बेला काचेच्या तळाच्या नौकेतून प्रवाळ आणि रंगीत मासे पाहून होतात आणि मग मंडळी रॉस बेटावर उतरतात. २०१८ च्या डिसेंबरात या बेटाला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. सहलीच्या पत्रकांतून मात्र 'रॉस' अद्याप गेलेले नाही. बेट केवढे? चौरस किलोमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. तेथे जपानी सैन्याने बांधलेले काँक्रीटचे बंकर आजही उभे आहेत. त्यांच्यापुढे घोळका क्षणभर थांबतो, दुसऱ्या महायुद्धाविषयी दोन वाक्ये कानावर पडतात, छायाचित्रे निघतात आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडते, 'हरणं आली!' पुढचा सगळा वेळ हरणांचा. पावाचे तुकडे, बिस्किटे, पोरांच्या किंकाळ्या, मधूनच एखाद्या मोराचे दर्शन. उरलेल्या मिनिटांत साहेबांचे चर्च, साहेबांची बेकरी आणि साहेबांचे नृत्यगृह.

मुलांनी हरणे पाहू नयेत असे कोणी म्हणणार नाही. पण ती हरणे तरी तेथे आली कशी, हे मुलांना कोण सांगणार? चितळ हा अंदमानचा प्राणी नव्हे. शिकारीचा शौक भागविण्यासाठी इंग्रजांनी तो मुख्य भूमीवरून आणून सोडला. या बेटांवर वाघ नाही, बिबट्या नाही. तेव्हा त्याची बेसुमार वाढ झाली आणि कोवळी रोपे फस्त करून त्याने जंगलाचीच हानी केली. म्हणजे ज्याला पर्यटक निसर्ग समजून बिस्कीट भरवतात, तोही परकीय सत्तेने मागे ठेवलेला एक अवशेषच आहे. बंकर हा दुसरा अवशेष. एकाला खाऊ मिळतो आणि दुसऱ्याला पाठ, इतकाच फरक!

या पाठ फिरवण्याने काय झाकले जाते, ते एकदा स्वच्छ सांगितले पाहिजे. २३ मार्च १९४२ रोजी जपानी फौजा पोर्ट ब्लेअरला उतरल्या. इंग्रजी अंमल गेला म्हणून लोकांना आनंद झाला; तो फार दिवस टिकला नाही. घरात शिरणाऱ्या सैनिकांवर झुल्फिकार अली नावाच्या तरुणाने छर्‍याची बंदूक झाडली. कोणाला इजा झाली नाही, तरी त्याचे हाल हाल करून भर चौकात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पुढे हेरगिरीच्या संशयावरून अटकसत्रे सुरू झाली. ज्या सेल्युलर कारागृहात स्वातंत्र्यवीर सावरकर आणि बाबाराव यांनी कोलू ओढला, त्याच कारागृहात आता जपानी पहाऱ्याखाली भारतीयांचा छळ होऊ लागला. डॉ. दिवाणसिंग हे तेथील नामांकित डॉक्टर, पंजाबीतील कवी आणि इंडियन इंडिपेंडन्स लीगच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष. ८२ दिवसांच्या अमानुष यातनांनंतर १४ जानेवारी १९४४ रोजी ते गेले. ३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रीगंज येथे ४४ जणांना एकाच वेळी गोळ्या घालण्यात आल्या. तेही हेर ठरवले गेले होते आणि त्यांतील बहुतेक लीगशी संबंधित होते.

या दोन तारखांच्या अलीकडे आणखी एक तारीख आहे. ३० डिसेंबर १९४३. त्या दिवशी नेताजींनी पोर्ट ब्लेअरच्या जिमखाना मैदानावर तिरंगा फडकावला आणि या बेटांना शहीद व स्वराज ही नावे दिली. ध्वज फडकला तेव्हा दिवाणसिंग त्याच गावात कोठडीत होते. होम्फ्रीगंजचे रक्त सांडले ते बरोबर महिन्याने.

गोची आहे ती येथेच, आणि ती केवळ सहल-कंपन्यांची नाही. ध्वजारोहणाची कथा सांगणारे अनेक राष्ट्रनिष्ठ वक्तेही होम्फ्रीगंजपाशी आवाज खाली आणतात. नेताजींच्या तेजाला बाधा येईल अशी भीती त्यांना वाटत असावी. ही भीती निराधार आहे. नेताजींभोवती जपानी अधिकाऱ्यांचे कडे होते. बेटांचा कारभार आझाद हिंद सरकारकडे सोपविल्याची घोषणा झाली. पण प्रमुख म्हणून आलेल्या कर्नल लोगनाथन यांच्या हाती शिक्षण खात्यापलीकडे फारसे काही दिले गेले नाही. पोलीस खाते जपान्यांनी सोडलेच नाही. हे सांगितल्याने नेताजी लहान होत नाहीत. परक्याच्या मदतीची किंमत किती भारी पडते, ते कळते. उलट लपवले, तर ज्यांना नेताजींच्या नावाचेच वावडे आहे त्यांच्या हाती आयते शस्त्र जाते. शिवाय त्या ४४ जणांतील बहुतेक लीगचेच, म्हणजे नेताजींचीच माणसे. त्यांना विसरून नेताजींचा जयजयकार करणे ही कसली निष्ठा?

हॅवलॉकची कथा तर अधिक दाहक आहे. १९४५ मध्ये समुद्रमार्ग तुटले आणि अन्नधान्य संपत आले, तेव्हा वृद्ध, दुबळे आणि 'निरुपयोगी' ठरवलेल्या शेकडो लोकांना शेतीसाठी जमीन देण्याचे आमिष दाखवून बोटींत चढवण्यात आले आणि हॅवलॉकच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात ढकलण्यात आले. बहुतेक बुडाले, पोहत किनारा गाठणारे उपासमारीने मेले. याच पाण्यात पुढे 'राजन' नावाच्या हत्तीबरोबर पोहण्याचा कार्यक्रम देशोदेशीच्या पर्यटकांसाठी चालत असे. लाकूडतोडीसाठी आणलेला तो बिचारा जीव २०१६ मध्ये वारला. त्याची छायाचित्रे आजही हौसेने दाखवली जातात. बुडालेल्यांपैकी एकाचे तरी नाव किती जणांना ठाऊक आहे?

'लोक मजेसाठी येतात, त्यांना रडगाणे नको असते,' हे व्यावसायिकांचे ठरलेले उत्तर. ते खोटे आहे. मराठी कुटुंबे सेल्युलर कारागृहातील सावरकरांच्या कोठडीपुढे चपला काढून, डोळे पुसत उभी राहतात. तेथे कोणालाही घाई नसते. ऐकण्याची तयारी लोकांपाशी आहे. सांगण्याची तयारी नाही, आणि सहल ठरवताना विचारण्याचीही नाही. पैसे मोजणाऱ्या यजमानाने होम्फ्रीगंजचा आग्रह धरला, तर कोणता सहल-संयोजक नाही म्हणेल?

त्यासाठी वेगळी वाट वाकडी करण्याचीही गरज नाही. होम्फ्रीगंज वंडूरच्या रस्त्यावरच आहे. जॉली बॉयचे प्रवाळ पाहायला निघालेल्या बसगाड्या त्या गावावरून जातात. तेथे ४४ जणांचे स्मारक आहे, आणि बस थांबत नाही.