व्यसनमुक्तीचे अनुदान : मागण्यापूर्वी आणि मागताना

दरवर्षी २६ जून रोजी अमली पदार्थविरोधी दिन पाळला जातो. प्रभातफेरी निघते, शपथ होते, शाळेच्या भिंतीवर घोषवाक्य रंगते आणि खर्चाचे प्रमाणक नस्तीला लागते. रायगडच्या किनाऱ्यावर ही तारीख मासेमारीबंदीच्या ऐन मध्यावर येते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात, खलाशाच्या हातास काम नसते आणि व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल मात्र डोक्यावर असते. थळ, रेवदंडा, एकदरा, जीवना अशा कोणत्याही बंदरावरील प्रभातफेरी पाहणाऱ्यांतच आपला रुग्ण उभा असतो. पुढे तोच निद्रानाश, कंप, अग्निमांद्य अशी लक्षणे घेऊन आपल्यापैकी कोणाच्या तरी दवाखान्यात येतो. मद्याचे नाव मात्र तिसऱ्या भेटीपर्यंत काढत नाही.

मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती यांसाठी ग्रामपंचायत, नगरपरिषद वा जिल्हा परिषद जो काही निधी देईल, तो दिन साजरे करण्यासाठी नसून पाठपुराव्यासाठी असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रथमोपचाराची सोय, अपुरी का होईना, आज उपलब्ध आहे. अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे, त्यापलीकडे ठाणे व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा दूरध्वनी आहे. परंतु श्रीवर्धनचा रुग्ण ठाण्यास जाऊन परत आला की पुढील सहा महिने त्याची विचारपूस करण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर कोणत्याही कागदावर नाही.

वस्तुतः पाठपुराव्याचे महत्त्व आपणांस इतरांनी शिकवावे अशी स्थिती नाही. चरकसंहितेच्या मदात्ययचिकित्सेत ध्वंसक व विक्षय यांचे वर्णन आहे. मद्य सोडलेला मनुष्य सहसा पुन्हा अतिमात्रेत ते घेऊ लागला असता होणारे, विशेषतः क्षीणदेहास कष्टसाध्य असे हे विकार. नारळी पौर्णिमा होते, होड्या पाण्यात जातात, पहिल्या फेऱ्यांचा रोख पैसा हाती येतो, आणि श्रावण संपता संपता ध्वंसकाचे रुग्ण दिसू लागतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने उपचारानंतरचा पाठपुरावा आणि रुग्णांच्या पत्नींचे गट यांना उपचाराचाच भाग मानले, ते याच कारणाने. महिलांच्या मतदानाने ‘आडवी बाटली’ करून दुकान बंद करण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे व तिचे आम्ही स्वागतच करतो. तथापि दुकान बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी ज्यास भ्रम व आक्षेप सुरू होतात, त्याची व्यवस्था त्या मतपत्रिकेत नसते.

व्यसनाइतकाच विषादाचा विचार व्हावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. पंचनामे झाले, घरांची कौले मोजली गेली, नारळ-सुपारीची झाडे मोजली गेली, होड्या मोजल्या गेल्या. सुपारीची नवी लागवड उत्पन्नास यावयास सहा-सात वर्षे लागतात. पन्नाशीच्या बागायतदाराने ती वर्षे कशी काढावयाची, हे विचारणारा रकाना पंचनाम्यात नव्हता. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये याच किनाऱ्यावर चरसाची पाकिटे वाहून आली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांची किंमत कोटींत सांगितली. गावातील तरुणांपैकी किती जण त्या पदार्थाच्या आधीन आहेत, ही चौकशी तेव्हाही मागेच राहिली.

आता पैशाच्या वाटा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी व १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार मानसिक आजार हा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांपैकी एक आहे. मात्र ५ टक्क्यांचा हा निधी वर्षानुवर्षे वस्तुवाटपातच संपलेला दिसतो. उन्मादाच्या जीर्ण रुग्णाचा औषधोपचार व प्रवासखर्च त्यातून मागावा, हे कोणास सुचत नाही, कारण त्याच्याकडे प्रमाणपत्र नसते. ते मिळवून देण्याकरिता रुग्णास अलिबागला पाठविणे एवढे तरी आपण करू शकतो. केवळ मद्यासक्ती या निधीत बसणार नाही. तिच्यासाठी जिल्हा परिषदेचा सेस फंड व जिल्हा नियोजन समिती यांच्याकडेच जावे लागेल. कारखान्यांच्या करावर चालणाऱ्या ग्रामपंचायती आणि केवळ घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणारे कोळीवाडे यांची ऐपत सारखी नाही, हेही ध्यानी ठेवावे.

काही सभासदांना अनुदानातून निवासी व्यसनमुक्ती केंद्र काढावेसे वाटते. त्यांना आमचा सल्ला आहे की प्रथम मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ वाचावा. मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकार या कायद्याच्या कक्षेत येतात. या कायद्याने मान्य केलेला आयुर्वेदीय तज्ज्ञ म्हणजे मनोविज्ञान व मानसरोग विषयाचा पदव्युत्तर वैद्य. आमच्यासारखा केवळ बी. ए. एम. एस. नव्हे. नोंदणीविना संस्था चालविल्यास पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे आणि अशा संस्थेत मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्यासही २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. आपले स्थान निराळे व तितकेच मोलाचे आहे : लवकर ओळखणे, आक्षेप वा भ्रम दिसताच त्याच दिवशी रुग्णालयात धाडणे आणि रुग्ण परतल्यावर सत्त्वावजय, आहार, निद्रा व अग्नी यांच्याकडे आठवड्यागणिक पाहणे.

औषधविक्रेत्या बंधूंना थोडे कटू बोलणे भाग आहे. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही, ही सवलत आपणच सांभाळावयाची आहे. अहिफेनयुक्त कामिनी विद्रावण रस, भांगमिश्रित मुनक्का वटी आणि मद्यांश अधिक असलेली आसवे-सुरा यांचे गिऱ्हाईक कोण असते, हे गल्ल्यावर बसणारा प्रत्येक जण जाणतो. अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ती वाचून चिठ्ठी मागणारी दुकाने किती? व्यसनमुक्तीच्या अनुदानाचा अर्ज घेऊन आपण जिल्हा परिषदेत गेलो आणि समोरच्या सदस्याने बाजारातून आणलेली कामिनीची डबी मेजावर ठेवली, तर त्यावर उत्तर नाही. म्हणून चिठ्ठीविना ही औषधे न देण्याचा ठराव आपल्या संघटनेने अनुदानाच्या मागणीआधी करावा, मागाहून नव्हे.

मागणीही माफक असावी. इमारत नको, फलक नको. बंदराजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वा जिल्हा परिषदेच्या आयुर्वेदिक दवाखान्यात आठवड्यातून एक दुपार, एका प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याचे मानधन, जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञांची महिन्यातून एक भेट आणि गरजू रुग्णाचे एस. टी. भाडे, एवढे पुरे. कालावधी १ जूनपासून दिवाळीपर्यंतचा. सभासद वैद्यांनी त्या दुपारी विनामोबदला बसावे. प्रत्येक तालुका शाखेने या आशयाचा अर्ज सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी द्यावा, म्हणजे पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात तो घेता येईल. आणि अर्जाची पोच न विसरता घ्यावी.