दोन पाळण्यांमधले अंतर

निवडणूक जवळ आली की उमेदवार आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात येतात, आरतीला उभे राहतात आणि 'मराठी समाजाच्या काय मागण्या आहेत?' असे विचारतात. आपण सभागृहाची दुरुस्ती, मराठी वर्गांसाठी जागा, एखाद्या चौकाला नाव एवढे सांगून मोकळे होतो. या वेळी त्यात बाळंतिणींची एक मागणी घालावी, असे मला वाटते. काही सभासद हसतील. हसोत.

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली आपल्या मध्य प्रदेशात दर हजार जन्मांमागे ४३ बाळे वर्षाची होण्याआधीच गेली. देशाचा आकडा २८ होता, महाराष्ट्राचा १६. यातले बहुतेक मृत्यू पहिल्या महिन्यातच होतात. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असणे हे त्यामागचे एक मोठे कारण. 'हे खेड्यापाड्यातले, आपल्या शिकल्यासवरलेल्या घरांत कुठे?' असे आपण म्हणतो. मीही म्हणत होते.

माझ्या भाचीचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले. मूल आठ महिन्यांचे होत नाही तोच तिला पुन्हा दिवस गेले. 'बरेच झाले, दोन्ही बरोबर वाढतील, एकदाचे उरकून टाक,' असे तिला सांगणाऱ्यांत मी पुढे होते. दुसरी मुलगी चौतिसाव्या आठवड्यात झाली, पावणेदोन किलोची. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. याच कारणाने असे झाले, असे डॉक्टर ठामपणे म्हणाले नाहीत. एका बाळाबद्दल तसे सांगता येतही नाही. पण अंतर फार कमी पडले, हे त्यांनी सांगितले. मग पहिल्या खेपेला घरी सोडताना त्याच रुग्णालयात कुणी का बोलले नाही? टाके, औषधे, लसींचा तक्ता, बिल, सगळे समजावले. पुढचे मूल कधी, यावर एक अक्षर नाही. आणि आम्हीही विचारले नाही.

बाळंतपण आणि अंगावरचे दूध यांत आईच्या शरीरातले लोह आणि फोलेट खर्ची पडते, ते भरून यायला वेळ लागतो. आपल्या देशात निम्म्याहून अधिक बायका मुळातच रक्तक्षयी. सिझेरियनचा व्रण पुरता भरला नसेल, तर पुढच्या कळांमध्ये तो उसवण्याचा धोका असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या तज्ज्ञबैठकीने बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने थांबावे असे सुचवले. म्हणजे भावंडांत साधारण पावणेतीन वर्षांचे अंतर. गर्भपात झाला असल्यास किमान सहा महिने.

आता आपल्या मुलींची लग्नेच तिशीच्या आसपास होतात, त्यांनी इतके थांबावे कसे? प्रश्न रास्त आहे. कॅनडात सुमारे दीड लाख गर्भारपणांच्या नोंदी तपासून २०१८ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १२ ते १८ महिन्यांचे अंतरही पुरेसे सुरक्षित दिसले. पण सहा महिन्यांच्या घाईचा धोका कोणत्याच वयात टळला नाही. पस्तिशीपुढे तर आईच्याच जिवाला तो अधिक होता. तेव्हा वय वाढलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. सासूबाईंशी किंवा माझ्यासारख्या मावशीशी नव्हे.

'दूध पाजते आहे तोवर दिवस राहत नाहीत' हाही आपल्याकडचा लाडका समज. बाळ सहा महिन्यांच्या आतले, रात्रंदिवस फक्त अंगावर पिणारे आणि आईची पाळी परत न आलेली, या तिन्ही गोष्टी असतील तरच त्यावर विसंबता येते. वरचे दूध सुरू झाले की तो हिशेब संपला.

आमच्या पिढीला कुटुंबनियोजन म्हटले की १९७६ ची सक्तीची नसबंदी आठवते, आणि विषय तिथेच बंद होतो. शिवाय सरकारी भिंतींवर आकडा रंगवला गेला, किती मुले हवीत याचा. दोघांत किती अंतर, हे कोपऱ्यात राहिले. वास्तविक 'पाळणा लांबवणे' हा शब्द आपल्या मराठीचाच. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले, त्यापायी लोकनिंदा आणि खटले सोसले. शंभर वर्षांनंतर आपण डोहाळजेवणाला पाच पक्वान्ने करतो आणि बाळंतिणीला ही गोष्ट सांगायला लाजतो.

मागणी साधी आहे. सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयातून बाळंतिणीला घरी सोडण्यापूर्वी तिच्याशी आणि नवऱ्याशी अंतराबद्दल बोलणे झालेच पाहिजे. तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळ्या हे सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. ते आपल्या वॉर्डाच्या दवाखान्यात खरोखर मिळतात का, हे नगरसेवकाने पाहावे. निवड मात्र त्या बाईची. सक्ती कुणीही करू नये.

मंडळाच्या महिला शाखेला मी पत्र दिले आहे. येत्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर एका स्त्रीरोगतज्ज्ञांचे अर्ध्या तासाचे बोलणे ठेवावे आणि सुनांबरोबर सासवांनाही बसवावे, असे त्यात लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.