एलिमिनेटर करणारी मुले

ट्रान्झिस्टर हा शब्द आपल्याकडे आला तो रेडिओच्या पोटात बसून. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जी इवलीशी वस्तू जन्माला घातली आणि जिच्यासाठी शॉकली यांच्यासह त्यांना १९५६ चे नोबेल मिळाले, तिचे नाव आपण सरसकट अख्ख्या रेडिओलाच देऊन टाकले. ‘ट्रान्झिस्टर लाव रे’ म्हणजे बातम्या लाव. आत काय आहे, याची चौकशी करण्याचे घरात कोणाला कारण नव्हते.

या ट्रान्झिस्टरला सेल लागत. दीड व्होल्टचे, बहुधा चार. वाणसामानाच्या यादीत साखर-चहापत्तीच्या खाली सेल लिहिलेले असत आणि कसोटी सामना आला की ते महिनाअखेरीच्या आधीच मान टाकीत. संपलेले सेल उन्हात ठेवून त्यांच्याकडून आणखी दोन दिवस काम काढणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. या काटकसरीला तेव्हा एक उत्तर होते, बॅटरी एलिमिनेटर. भिंतीतले २३० व्होल्ट घ्यायचे आणि रेडिओला हवे तेवढे ६ व्होल्ट द्यायचे, एवढेच त्याचे काम. दुकानात तो तयार मिळे. पण सत्तरच्या, ऐंशीच्या दशकात प्रत्येक आळीत एखादा तरी मुलगा असा असे, की जो तो घरी करी. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही त्याची तीर्थक्षेत्रे. (मुलगा म्हणतो आहे, कारण मुलीच्या हातात सोल्डरिंग आयर्न द्यावे, हे त्या काळी कोणाला सुचत नसे. त्यात काय गमावले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.)

त्या मुलाची जात पांढरपेशा घरांतून जवळपास नाहीशी झाली, आणि ही घटना आपण समजतो तितकी किरकोळ नाही. तिच्याबद्दल हळहळत बसण्याचा माझा विचार नाही. ती पुन्हा आणता येईल, आणि तिची सुरुवात रोबो किंवा ड्रोन यांपासून न होता त्याच कंटाळवाण्या एलिमिनेटरपासून व्हावी, असे माझे मत आहे.

कंटाळवाणा खरा, पण त्याच्यात किती गोष्टी भरल्या आहेत ते पाहा. ट्रान्सफॉर्मरवर ९ व्होल्ट असे छापलेले असते. त्याच्यापुढे चार डायोडचा पूल बांधला, त्यापुढे मोठा कपॅसिटर लावला आणि मीटर टेकवला, की आकडा दिसतो ११ च्या वर, कधी १२ च्याही पुढे. मुलगा चक्रावतो. ९ चे ११ झाले कुठून? मग त्याला कळते की, छापलेले ९ ही लाटेची एक प्रकारची सरासरी होती. लाटेचा माथा तिच्या १.४१ पट उंच असतो आणि कपॅसिटर माथ्यापर्यंत भरतो. ९ चे पावणेतेरा, त्यातून वाटेतल्या दोन डायोडनी मिळून घेतलेले सुमारे १.४ वजा. शाळेत दोनाचे वर्गमूळ त्याने पाठ केलेले असते. ते असे टेबलावर भेटेल, याची त्याला कल्पना नसते.

आता हे ११ कापून ६ करायचे. त्यासाठी ६.८ व्होल्टचा झेनर डायोड ट्रान्झिस्टरच्या बेसशी जोडायचा. झेनर आपला आकडा सोडत नाही. ट्रान्झिस्टर एमिटरवर बेसपेक्षा सुमारे ०.७ व्होल्ट कमी देतो. ही त्याची दलाली समजा. ६.८ मधून ०.७ गेले, उरले ६.१. रेडिओ खूश. मात्र मधले ५ व्होल्ट हवेत विरत नाहीत. रेडिओने २०० मिलिअँपिअर ओढले की ५ गुणिले ०.२, म्हणजे १ वॅट ट्रान्झिस्टरच्या अंगावर उष्णता होऊन बसतो. एसएल १०० च्या पत्र्याच्या टोपीला बोट लावले की हा गुणाकार खरा आहे, हे बोटाला कळते. पुढे तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर आला आणि ही सगळी जुळणी एका काळ्या चकतीत मावली, पण हिशेब तोच राहिला. १२ व्होल्ट आत देऊन ५ बाहेर काढले आणि १ अँपिअर ओढला, तर ७ वॅट उष्णता. ती जायला पत्रा हवाच.

या सगळ्यात मला सर्वांत प्रिय आहे तो कपॅसिटर. मी आयुष्याची बत्तीस वर्षे बँकेत काढली, म्हणून असेल. शाखेत भरणा एकसारखा येत नाही. तो लाटांनी येतो, आणि गिऱ्हाईक मात्र कधीही काउंटरवर उभे राहते. मधल्या ओहोटीत पैसे द्यायचे ते तिजोरीतल्या शिलकेतून. कपॅसिटर तेच करतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, पुलामुळे त्यांचे १०० माथे होतात, आणि दोन माथ्यांच्या मधल्या दरीत रेडिओला जगवणारी शिल्लक या नळकांड्यात असते. शिल्लक तुटपुंजी असली की दरी खोल जाते आणि बातम्यांच्या मागे एक घुमणारा आवाज ऐकू येतो. स्वस्तातल्या एलिमिनेटरवर लावलेला रेडिओ ज्यांनी ऐकला आहे, त्यांना तो आठवेल. निवेदक गंभीर स्वरात काही सांगतो आहे आणि पाठीमागे कोणी तंबोरा भलत्याच पट्टीत धरून बसला आहे. कपॅसिटर मोठा केला की तंबोरा थांबतो. कारण शोधले, ते दूर केले आणि परिणाम कानांनी ऐकला, असा अनुभव चौदाव्या वर्षी मिळणे ही थोडी मिळकत नव्हे.

१९९३ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना आली. तेव्हा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांसाठी कर्ज मागणारी मुले माझ्या टेबलासमोर येत. प्रकल्प अहवाल कोणाकडून तरी लिहून आणलेला असे. त्यातले आकडे विचारले की मुलगा खाली बघे. पण दुकानात काय करणार असे विचारले की हात बोलू लागत. त्यातल्या अनेकांनी सुरुवात एलिमिनेटरपासून केली होती. त्यांची दुकाने पुढे बदलली. आज त्यांच्या जागी मोबाइल दुरुस्तीचे ठेले आहेत, आणि तिथली विशी-बाविशीची पोरे सूक्ष्मदर्शकाखाली गरम हवेची बंदूक धरून तांदळाच्या दाण्याहून लहान भाग उचलतात. तेव्हा ही विद्या मेली, असे कोणी म्हणू नये. ती फक्त आपल्या घरातून उठून गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसली. आपण तिच्याकडे गिऱ्हाईक म्हणून जातो आणि ‘किती होतील?’ एवढेच विचारतो.

ज्या घरातला मुलगा अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी दोन वर्षे क्लासला जातो, त्या घरात एक स्क्रूड्रायव्हरचा संच सापडत नाही. मिक्सर बंद पडला की त्याच्या बुडाशी असलेले ओव्हरलोडचे बटण दाबून पाहावे, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधराला ठाऊक नसते. हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा, ही आपली जुनी वाटणी. मधल्या दोन-तीन दशकांत, काटकसरीच्या निमित्ताने का होईना, ती थोडी पुसट झाली होती. सुबत्ता आली आणि ती रेघ आपण पुन्हा ठळक ओढली.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, नवीन घेणे स्वस्त पडते. पडते खरे. घरी केलेला वीजपुरवठा दुकानातल्या अ‍ॅडॉप्टरहून महाग, जड आणि कुरूप होणार. पण पेटीच्या क्लासची फी आणि सीडीची किंमत यांची तुलना कोणी करीत नाही. शिवाय आजच्या वस्तू स्क्रूऐवजी डिंकाने बंद केलेल्या असतात. उघडायची म्हटली तर मोडावी लागते. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टलही काढले. चांगले झाले. पण ज्या समाजात वस्तू उघडून पाहण्याची इच्छाच उरली नाही, तो हा हक्क मागणार कशासाठी?

दुसरा आक्षेप गंभीर आहे. वीज जीव घेते. इथे मी आईवडिलांच्या बाजूचा आहे. २३० व्होल्टची बाजू, म्हणजे प्लग, फ्यूज, स्विच आणि ट्रान्सफॉर्मरचे पहिले वेटोळे, ही जाणत्या माणसाने जोडावी, पेटीत बंद करावी आणि मुलाने तिला हात लावू नये. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी असावा. असली तरी नसली तरी जुनी ट्रान्सफॉर्मरची पद्धतच धरावी, कारण तिच्यात दोन वेटोळ्यांमध्ये तारेचा संबंध नसतो. एलईडी दिव्यांमधल्या पुष्कळ स्वस्त मंडलांत तो असतो. ती उघडून खेळण्याची वस्तू नव्हे. पेटीच्या बाहेर ९ व्होल्ट आले की मात्र मुलाला मोकळे सोडावे. कपॅसिटर उलटा जोडला तर तो फुगेल, फुटेलही. म्हणून डोळ्यांना चष्मा हवा. ट्रान्झिस्टर जळतील. जळू द्यावेत. बीसी ५४७ ची किंमत आज चहाच्या कपाहून कमी आहे.

२०१६ मध्ये अटल इनोव्हेशन मिशन सुरू झाले आणि शाळाशाळांतून टिंकरिंग लॅब आल्या. त्यांची संख्या दहा हजारांवर गेली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. उपक्रम स्तुत्य आहे. पण तयार बोर्डांवर काम चालते तेव्हा यूएसबीच्या वायरीतून ५ व्होल्ट आयते येतात, जणू आकाशातून पडल्यासारखे. ते कुठून आले, वाटेत किती उष्णता झाली, मागची शिल्लक किती, हे मुलांना विचारावे लागत नाही. प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर दिवा लागला म्हणजे झाले. दिवा लागला नाही, तर का लागला नाही हे शोधण्यासाठी वेळापत्रकात तास नाही. माझ्या हाती असते तर प्रत्येक प्रयोगशाळेत पहिले सहा महिने वीजपुरवठा, आणि न चाललेल्या मंडलाचे कारण नीट लिहून दाखवणाऱ्याला चाललेल्या मंडलाइतकेच गुण, असा नियम केला असता.

पुणेकरांना अजून एक सोय आहे. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे मुलाला घेऊन जावे, मुलीला तर जरूर न्यावे, आणि जुने ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन पाहू द्यावेत. विकत घेतला तर घरी आल्यावर जाणत्याकडून आधी तपासून घ्यावा. पिशवी मात्र जाड कापडाची न्या. ट्रान्सफॉर्मर वजनाला भारी असतो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचे बंद पुलापर्यंतसुद्धा टिकत नाहीत.