उधारीची वही

गेल्या गणपतीत एकच व्हिडिओ मला अकरा जणांनी पाठवला. लालबाग-परळच्या जुन्या गल्ल्यांची चित्रं, मागे सनई, आणि खाली एकेक ओळ सरकत जाते. तेव्हा दाराला कुलूप नव्हतं. तेव्हा वाणी वहीवर सामान द्यायचा. तेव्हा खिशात पैसा नव्हता पण माणसात माणुसकी होती. पाठवणाऱ्या अकरापैकी नऊ जण आता विरार, डोंबिवली, बदलापूर या पट्ट्यात राहतात. मी तो दोनदा पाहिला, डोळ्यांत पाणी आलं, आणि बारावा म्हणून मोठ्या बहिणीला पुढे पाठवला.

तिचं एका ओळीचं उत्तर आलं. "वहीत शेवटी किती राहिले होते, आठवतंय का?"

आठवत होतं. अकराशे चाळीस रुपये. मला हा लेख लिहावा लागतोय तो त्या आकड्यामुळे. गिरणगावाच्या आठवणींचा जो गोड पाक आपण गेली काही वर्षं एकमेकांना वाढतो आहोत, त्यात हा आकडा कुठेच नसतो.

आधी ती गल्ली सांगतो, कारण मलाही ती प्रिय आहे. तोंडाशी इराणी, त्याच्या शेजारी पानपट्टी. मग सलून, तिथे केस कापण्यापेक्षा पेपर वाचायला गर्दी जास्त. पुढे कोळशाची वखार आणि पिठाची गिरणी. दळण घेऊन उभं राहिलं की भुवया पांढऱ्या व्हायच्या. रेशनच्या दुकानासमोर रॉकेलच्या डब्यांची रांग, माणसं सावलीत आणि डबे उन्हात. तासावर सायकल देणारा एक, मिरची कुटणाऱ्या डंकांचा खडखडाट, आणि मधोमध वाणी. गल्लीचं घड्याळ म्हणजे भोंगा. सकाळी सातला पहिली पाळी, दुपारी साडेतीनला दुसरी, रात्री बाराला तिसरी. दुकानांच्या वेळाही त्यावरच. रात्री बारा वाजता इराण्याकडे चहा मिळायचा, कारण रात्री बारा वाजता शेकडो माणसं घामेजून बाहेर पडायची.

आता वाण्याच्या वहीकडे येऊ.

वहीवर सामान आणायचं काम माझं. का, तर पोराला नाही म्हणणं वाण्याला जड जातं, हे आईला ठाऊक होतं. मी छोटी वही घेऊन जायचो, तो मोठ्या वहीत आणि माझ्या वहीत लिहायचा. रोखीवाल्याचा भाव वेगळा, वहीवाल्याचा वेगळा. तांदूळ मापताना रोखीवाल्याचं माप शिगोशीग आणि आमचं काठाबरोबर. यात वाणी दुष्ट होता असं मला म्हणायचं नाही. त्यालाही घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे असत. मला विचारायचंय ते वेगळंच: ही उधारी मुळात लागत का होती?

व्हिडिओ म्हणतो, गरिबी होती म्हणून. हे अर्धंच झालं. माझे वडील साचाखात्यात होते, कायम कामगार. गिरणीचा पगार व्हायचा पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत. १९३६ च्या वेतन कायद्याने मोठ्या कारखान्यांना तेवढी मुभा दिली होती. म्हणजे बाबांनी एक तारखेला साच्यावर घाम गाळला, तर त्याचा पैसा हातात पडायला चाळीस दिवस. त्या चाळीस दिवसांत कापड विणून, गाठी बांधून बाजारात जायचं. आता हिशेब करा. उधार कोण कोणाला देत होतं? कामगार गिरणीला देत होता, बिनव्याजी. आणि तो तसं करू शकावा म्हणून वाणी कामगाराला देत होता, चढ्या भावाने. वाण्याची वही ही आपण समजतो तशी माणुसकीची पोथी नव्हती. ती गिरणीच्या हिशेबाचं शेवटचं पान होती, फक्त गिरणीच्या कपाटात न ठेवता आमच्या गल्लीत ठेवलेली.

हा झाला कायम कामगाराचा हिशेब. बदलीवाल्याचा याहून बिकट. तो बदली कार्ड घेऊन पहाटे गिरणीच्या दारात उभा राहणार, कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत. जॉबरची मर्जी सांभाळायची ती वेगळीच. त्याला वाणीसुद्धा मोजूनमापून उधार द्यायचा.

दुसरी ओळ: दाराला कुलूप नव्हतं. नव्हतंच. आमची खोली दहा बाय बाराची. शेजारी गाववाल्यांची खोली, तिथे वीस-पंचवीस जणांच्या पेट्या आणि वळकट्या. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक जेवत असलेली. खोली कधी रिकामीच नसे, मग कुलूप घालायचं कशासाठी? आणि आत न्यायला होतं काय? दार उघडं असण्याचं आणखी एक कारण आमच्या बहिणींना विचारा. आतमध्ये कपडे बदलायला जागा नसायची म्हणून त्या मोरीच्या पडद्यामागे अंग चोरून उभ्या राहायच्या. संडास मजल्याच्या टोकाला, रांगेत. 'सगळी चाळ एका कुटुंबासारखी' या वाक्याचा अर्थ मुलग्यांना आणि मुलींना कधीच सारखा नव्हता.

तिसरी ओळ खानावळीची: 'मावशीच्या हातचं जेवण'. माझी आई ती मावशी. सहा खानावळी तिच्याकडे जेवायचे. तीन पाळ्यांचे सहा जण म्हणजे स्टोव्ह पहाटे चारला पेटायचा आणि रात्री साडेबारानंतर विझायचा. गिरणी कामगाराला आठ तासांची पाळी होती, तीसुद्धा लढून मिळवलेली. आईला पाळीच नव्हती. तिच्यासारख्या हजारो बायका सावकाराकडून व्याजाने पैसे उचलून दुसऱ्याची चूल चालवत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. 'मायेने वाढलं' एवढंच म्हणणाऱ्याने हेही म्हणावं की त्या मायेवर व्याज चढत होतं.

आणि 'जातपात कुणी पाहत नव्हतं' ही ओळ. ती तर लिहिणाऱ्याने लिहूच नये. साचाखातं वर्षानुवर्षं दलितांना बंद होतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, आणि सवर्णांना विटाळ होतो, हे कारण. साचाखात्यात पैसे जास्त. दलित कामगार राहिला त्रासनखात्यात. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा लढाऊ पुढाऱ्यांचीसुद्धा अडचण झाली. माझ्या लहानपणापर्यंत धोटा बदलला होता, पण कोण कोणत्या चाळीत राहतो आणि कोण कोणाच्या खानावळीत जेवतो हे बदललेलं नव्हतं. आईच्या सहा खानावळींत दलित एकही नव्हता. हे मी तिची बदनामी करायला लिहीत नाही. 'आमच्या गल्लीत असलं काही नव्हतं' असं म्हणायचा मला अधिकार नाही, म्हणून लिहितो.

मग १८ जानेवारी १९८२. मी दहा वर्षांचा. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. बोनस आणि पगारवाढ या मागण्या होत्याच, पण त्याहून खोल मागणी होती ती आपली युनियन आपण निवडण्याची. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच युनियनला मान्यता दिलेली होती आणि ती कामगारांना आपली वाटत नव्हती. भोंगा थांबला. आम्हा पोरांना पहिले पंधरा दिवस मजा वाटली.

वाण्याने आम्हाला सात महिने सांभाळलं. हे मी विसरणार नाही. चौथ्या महिन्यात त्याने साखर बंद केली, पाचव्यात तेल अर्धं केलं, सातव्यात मला म्हणाला, "बाबांना पाठव." बाबा गेले नाहीत, गावाला गेले. भाताची लावणी होती हे निमित्त. खानावळीही आपापल्या गावी गेले, आईचा स्टोव्ह फक्त आमच्यापुरता उरला. तिचं मंगळसूत्र पेढीवर गेलं आणि पुढे काळ्या मण्यांचीच पोत राहिली. बहीण आठवीत होती, वर्गात दुसरी. तिचं नाव काढलं आणि ती आईबरोबर पापड लाटायला बसली. माझं नाव काढलं नाही. या लेखातल्या शुद्धलेखनाची किंमत तिने भरलेली आहे.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही. तो विरत गेला. बाबांना परत घेतलं नाही. पुढे ते मस्जिद बंदरला एका गोदामावर रखवालदार झाले, आणि गल्लीत येताना वाण्याचं दुकान टाळून पलीकडच्या फुटपाथने चालायचे. अकराशे चाळीस रुपये आम्ही दिले नाहीत. आमच्यासारखी कितीतरी घरं असणार. दोनेक वर्षांत वाण्याने दुकान विकलं. व्हिडिओतला तो प्रेमळ वाणी आमच्या थकबाकीत बुडाला, आणि आज आपण त्याच्या नावाने सनई वाजवतो.

यावर मला दोन उत्तरं मिळतात. पहिलं: "आठवणीत कशाला राजकारण आणता?" मी आणत नाही, ते तिथे होतंच, कापून काढलंय ते तुम्ही. दुसरं: "प्रत्येक पिढी लहानपणावर प्रेम करते, त्यात वाईट काय?" काहीच नाही. पण आपण हे प्रेम उसन्या साच्यात ओततो आहोत. मराठीत चाळीच्या आठवणींचा साचा पडला तो 'बटाट्याची चाळ'मुळे, आणि ती चाळ महिन्याच्या महिन्याला पगार होणाऱ्या कारकुनांची होती. तिथला विनोद आणि तिथली हुरहुर तिथे खरी. तीच हुरहुर गिरणगावावर चिकटवली की भोंगा गोड ऐकू येतो. जयंत पवारांच्या 'अधांतर'मधलं संपानंतरचं घर ज्यांनी पाहिलं, त्यांना ते ऐकू येणार नाही.

आणि यात फायदा कोणाचा, हेही पाहू. गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या नियमाने तिचे साधारण तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. आमच्या दृष्टीने ती थकबाकीची निदान कबुली होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून बाहेर. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. लाखाहून अधिक कामगार आणि वारसांनी घरासाठी अर्ज भरले. २०१२ च्या सोडतीत घरं होती ६,९२५. आता उरलेल्यांना शेलू-वांगणीची वाट दाखवली जाते. ज्यांच्या घामाच्या जागेवर टॉवर उभे आहेत त्यांनी कर्जतच्या गाडीत बसावं.

त्या टॉवरखालच्या मॉलांत एखादी जुनी चिमणी शोभेला ठेवलेली असते, हॉटेलच्या भिंतीवर गिरणीची काळी-पांढरी छायाचित्रं असतात. बिल्डरला गिरणगावाच्या आठवणींचं वावडं नाही. त्याला वावडं आहे हिशेबाचं. आपला व्हिडिओ त्याने आपल्या लॉबीत लावला तर एक ओळसुद्धा बदलावी लागणार नाही. ज्या आठवणीची मालकाला जराही अडचण होत नाही, त्या आठवणीत काय गाळलंय ते आपणच तपासायला हवं.

मी आठवणी बंद करा म्हणत नाही. उलट, आणखी काढा. पण नावनिशीवार काढा. खोलीत किती जण झोपायचे ते लिहा. आईचा स्टोव्ह किती वाजता पेटायचा ते लिहा. कोणाच्या बहिणीची शाळा सुटली, कोणाचं मंगळसूत्र सुटलं नाही, तुमच्या चाळीत कोणाला खोली मिळत नव्हती, ते लिहा. आजोबांचं गिरणीचं तिकीट, बदली कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती ट्रंकेत असेल तर फोटो काढून ठेवा. घराच्या अर्जाला हेच कागद लागतात, आणि किती वारसांचे अर्ज कागदांवाचून अडलेत. ज्यांचे अर्ज पडून आहेत ते शेजारी-नातेवाईक आझाद मैदानात बसतात, तेव्हा एक दिवस जाऊन बसा. व्हिडिओ पुढे पाठवायला लागतो त्याहून वेळ थोडा जास्त जाईल.

बहिणीला मी फोन केला. म्हटलं, वाण्याची मुलं कुठे असतील, शोधू या का? ती म्हणाली, "शोध. पण आधी माझा अर्ज कुठवर आलाय तो बघ."

बाबांच्या नावाचा, वारस म्हणून तिने भरलेला अर्ज. दर वर्षी ती चौकशी करते. इतकी वर्षं ती एकटीच करत होती.