बंदूक कोणती आणि हंगाम कोणता?

कायदा कडक असला तरी चालतो. तो कळण्याजोगा असला म्हणजे लोक त्याशीं आपला व्यवहार जुळवून घेतात. परंतु एकाच कृत्यासंबंधानें तीन ठिकाणचे तीन नियम असावे, प्रत्येकाची मुदत निराळी असावी, आणि ते एकत्र वाचून 'अमुक कर, अमुक करूं नको' असें सांगणारा एकही अधिकारी नसावा, अशी स्थिति झाली म्हणजे प्रामाणिक मनुष्य हात आखडून बसतो व अप्रामाणिकाचें मात्र साधतें. रानडुकरांपासून उभ्या पिकाचें रक्षण करण्याच्या बाबतींत आपल्याकडील शेतकऱ्यांची आज हीच स्थिति आहे. कोंकणांतील भात असो किंवा विदर्भांतील हरभरा असो, डुकरांचा कळप एका रात्रींत शेत आडवें करून जातो. आणि आपल्या घरची परवान्याची बंदूक त्या रात्रीं हातांत घ्यावी कीं न घ्यावी, हें शेतकऱ्यास निश्चयानें सांगतां येत नाहीं.

प्रथम वनखात्याचा नियम पाहूं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें शिकारीस आळा घातला व १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेची शिकार बंद केली. हें योग्यच झालें. बेसुमार शिकारीचा परिणाम या देशानें पाहिला आहे. चित्ता येथून नष्ट झाल्याचें १९५२ सालीं सरकारास जाहीर करावें लागलें. आतां राहिली ती एवढीच वाट कीं, माणसाच्या जिवास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोका असल्यास, ११ व्या कलमान्वयें मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी कारणें नमूद करून रानडुकरासारखा प्राणी मारण्याची लेखी परवानगी देऊं शकतो. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं रानडुक्कर व रोही यांच्यापुरती ही परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडून लवकर मिळावी अशी तजवीज केली. तजवीज चांगली आहे. परंतु मूळ कलमांत प्राण्याचा विचार आहे, बंदुकीचा नाहीं. कोणत्या जातीच्या बंदुकीनें व कोणीं बार काढावा, याविषयीं तें मुकें आहे.

बंदुकीचें प्रकरण दुसऱ्या कचेरींत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमांत पिकाच्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, व ती पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास वीस इंचांहून आंखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतां येईल, असें म्हटलें आहे. ठासणीची बंदूक म्हणजे एक बार निघाला कीं पुन्हां दारू व गोळी ठासून भरावयाची. अंधारांत, चिडलेल्या जखमी डुकरासमोर, हा उद्योग किती सुरक्षित हें सांगावयास नको. याच्या उलट, १९७२ च्या अधिनियमाच्या मूळ १७ व्या कलमाप्रमाणें, रानडुक्कर ज्या वर्गांत गणलें होतें त्या वर्गांतील प्राणी, विशेष परवानगी नसल्यास, रायफलीखेरीज मारण्याची मनाई होती. तें कलम १९९१ च्या दुरुस्तीनें गेलें. एका कायद्याच्या मतें योग्य हत्यार रायफल, दुसऱ्याच्या मतें ठासणीची बंदूक! हा विरोध मिटला तो दोन्ही खात्यांनीं एकत्र बसून विचार केला म्हणून नव्हे, तर एक कलम गळून पडलें म्हणून. विचार करण्याजोगें मात्र पुष्कळ आहे. रायफलीच्या गोळीनें प्राणी जाग्यावर पडण्याचा संभव अधिक. परंतु तीच गोळी चुकली तर मैलाहून दूर जाऊं शकते. वस्तीलगतच्या वाडींत एक हत्यार योग्य, तर मोकळ्या माळावर दुसरें.

आतां नळीच्या मापांचा घोळ पाहा. आमच्या व्यापारी वाचकांस वजनामापांची भाषा परिचित असल्यामुळें ती फोड करून सांगतों. बारा बोअरची बंदूक म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असतां त्यांतील एक जिच्या नळींत बरोबर बसेल ती. म्हणून येथें आंकडा वाढला कीं नळी बारीक होते. रायफलीचें माप इंचांत किंवा मिलिमीटरांत. तेथें आंकडा वाढला कीं नळी मोठी होते. त्यांत कायद्याची वर्गवारी अशी कीं, ०.३०३ इंची रायफल प्रतिबंधित, व तिच्याहून नळीनें किंचित् मोठी असलेली ०.३१५ इंची रायफल अप्रतिबंधित. ही दुसरी तर सरकारी कारखान्यांतच तयार होत आली आहे. ७.६२ मिलिमीटरची लष्करी रायफल प्रतिबंधित. परंतु 'तीस-शून्य-सहा' या नांवाची रायफल, जिचें ०.३० इंच हें माप मिलिमीटरांत तेंच ७.६२ भरतें, ती अप्रतिबंधित. वरवर पाहणाऱ्यास हा निव्वळ लहरीपणा वाटेल. वस्तुतः यांत एक तत्त्व आहे: ही बंदी नळीच्या रुंदीवर किंवा गोळीच्या जोरावर नसून, लष्कराचीं काडतुसें जींत चालूं शकतील अशा हत्यारावर आहे. कारण सयुक्तिक आहे. पण तें शेतकऱ्याच्या भाषेंत त्यास समजावून देणें हें कोणत्या खात्याचें काम? आंकड्यांतील एका चुकीनें मनुष्य गुन्हेगार ठरतो, तेथें सरकारचें मौन क्षम्य नव्हे.

तिसरा हंगाम निवडणुकीचा. मतदान शांततेनें पार पडावें म्हणून परवान्याचीं शस्त्रें पोलिस ठाण्यांत जमा करविण्याची वहिवाट आहे. हेतु स्तुत्य आहे. परंतु पंचांग पाहा. महाराष्ट्र विधानसभेसाठीं २०१४ सालीं १५ ऑक्टोबरला, २०१९ सालीं २१ ऑक्टोबरला व २०२४ सालीं २० नोव्हेंबरला मतदान झालें. या शेवटच्या निवडणुकीची आचारसंहिता १५ ऑक्टोबरपासूनच लागू होती. कोंकणांत भात पिकून कापणीस येण्याचे व झोडणीचे दिवस ते हेच! वनखात्याची परवानगी खिशांत, पीक शेतांत आणि बंदूक ठाण्यांत, असा प्रकार होऊं शकतो, व परवानगीची मुदत मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. मुंबई उच्च न्यायालयानें २००९ सालीं गोव्याच्या एका प्रकरणांत, सरसकट सर्वांचीं शस्त्रें जमा करविणें योग्य नसून प्रत्येक परवानाधारकाचा विचार छाननी समितीनें करावा, असा दंडक घालून दिला आहे. हा दंडक मनापासून पाळला गेला तर अर्धी अडचण दूर होईल. परंतु छाननी म्हणजे श्रम, व सरसकट हुकूम म्हणजे एक सही. यांपैकीं कचेरीस काय सोयीचें, हें वाचक जाणतातच.

या गोंधळाचें फळ कोणास भोगावें लागतें? बंदुकीचा परवाना ज्याच्यापाशीं आहे त्याचें नांव, गांव व नळीचें माप सरकारदफ्तरीं लिहिलेलें असतें. म्हणून तोच भितो. ज्यास भीति नाहीं तो बांधावर विजेची उघडी तार सोडतो किंवा फासा लावतो. तार डुक्कर आणि वाघ असा भेद जाणत नाहीं, ढोर आणि मनुष्यही जाणत नाहीं. विदर्भांत अशा तारांनीं वाघ मेले आहेत व माणसेंही मेलीं आहेत. नियमांतून वाट काढणें अशक्य झालें कीं लोक नियमाबाहेरची वाट धरतात, आणि ज्या प्राण्यांच्या रक्षणार्थ नियम केले तेच प्रथम बळी पडतात.

कोणी म्हणेल, बंदुकींची वाट मोकळी केली तर पिकाचें निमित्त करून मांसाचा व्यापार सुरू होईल. ही शंका पोकळ नाहीं, आणि सरसकट मोकळीक द्यावी असें आमचें म्हणणेंही नाहीं. केंद्र सरकारनें ६२ व्या कलमाखालीं २०१५-१६ मध्यें बिहार, उत्तराखंड व हिमाचल प्रदेश येथील ठराविक भागांत कांहीं प्राणी उपद्रवी ठरविले. पुढें बिहारांत मोकामा येथें जून २०१६ मध्यें परप्रांतीय नेमबाज आणून दोनशेंहून अधिक नीलगाई मारल्या, तेव्हां देशभर ओरड झाली व खुद्द केंद्रीय मंत्र्यांमध्येंच वाद माजला. केरळानें २०२२ सालीं निराळा मार्ग धरला: रानडुक्कर मारण्याची आज्ञा देण्याचा अधिकार गांवच्या व शहरच्या स्थानिक संस्थांच्या प्रमुखांस दिला, आणि विष, स्फोटक व विजेचा धक्का हे उपाय वर्ज्य केले. निर्णय देणारा जवळ आला. तरी परवानाधारक नेमबाजांची वाण तेथेंही भासली. यावरून एवढें उघड होतें कीं, नुसती बंदी अथवा नुसती मोकळीक हा उपाय नव्हे. प्राणी, हत्यार आणि मुदत या तिहींचा निर्णय एकाच कागदावर झाला पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी. परवानगीपत्र एकच असावें व मराठींत असावें. त्यांत प्राण्याचें नांव, शेताचा गट क्रमांक, आरंभ व अखेर यांच्या तारखा, बंदुकीची जात व नळीचें माप, आणि बार काढणाऱ्याचें नांव हीं सर्व लिहावीं. त्याची नक्कल त्याच दिवशीं पोलिस ठाण्यास व जिल्हाधिकारी कचेरीस जावी. पीक-रक्षणाच्या परवानाधारकांची छाननी आचारसंहिता लागण्यापूर्वीं उरकावी, व ज्याच्याविरुद्ध कांहीं कारण नाहीं त्याची बंदूक कापणी होईपर्यंत घरीं राहूं द्यावी. प्रतिबंधित व अप्रतिबंधित मापांचा तक्ता प्रत्येक ग्रामपंचायतींत लावावा. मारलेल्या प्राण्याची विल्हेवाट वनरक्षकासमक्ष व्हावी, म्हणजे मांसाच्या व्यापारास जागा राहणार नाहीं. आणि या सर्वांच्या आधीं कुंपणास साह्य व नुकसानीची भरपाई वेळेवर मिळावी; कारण बंदूक हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

शहरांतील वाचकांस हा प्रश्न दूरचा वाटूं नये. डुकरांनीं तुडविलेलें भात बाजारांत येत नाहीं, आणि ज्याचें पीक गेलें त्याची उधारी पेढीवर राहते. पण याहून मोठी गोष्ट अशी कीं, कचेरींत कागद वाचण्याची व विचारण्याची संवय ज्यांस आहे त्यांनीं ती ज्यांस नाहीं त्यांच्यासाठीं वापरली पाहिजे. नियम सुबोध करा ही मागणी शेतकऱ्याची आहे. ती सरकारच्या कानीं घालण्याचें काम आपलेंही आहे.