बुडबुडे बघून फसू नका

शेततळ्यात मासे सोडलेल्यांचं एकच गाऱ्हाणं ऐकू येतं : "दिवसभर एरेटर चालू होता, तरी सकाळी मासे मेलेले." अहो, दिवसा चालवून रात्री बंद केला, तिथंच घोळ झाला!

दिवसा उन्हात पाण्यातलं हिरवं शेवाळ स्वतःच ऑक्सिजन बनवतं. दुपारी तर हिरव्यागार तळ्यात तो मापापेक्षा जास्त होतो. तेव्हा पाणी घुसळलं की जादाचा ऑक्सिजन उलट हवेत जातो. म्हणजे बिल भरून नुकसान. रात्री मात्र शेवाळ, मासे आणि तळाला कुजणारं खाद्य, सगळेच ऑक्सिजन खातात. पहाटे तो सगळ्यात कमी असतो. आभाळ आलेल्या दिवसानंतर तर विचारूच नका. आणि नेमका तेव्हा आपला एरेटर बंद!

दुसरं खूळ बुडबुड्यांचं. जास्त फसफस म्हणजे जास्त ऑक्सिजन, असं विकणारा सांगतो. घरातली काचेची टाकी बघा. बुडबुडा तळातून वर यायला दोन-तीन सेकंद. तेवढ्यात त्यातला थोडाच ऑक्सिजन पाण्यात विरघळतो. खरं काम वेगळंच होतं. बुडबुडे तळाचं पाणी वर आणतात, वरचा थर हलता ठेवतात, आणि हवेतला ऑक्सिजन त्या हलत्या पाण्यात शिरतो. म्हणून फसफस मोजू नका, पाणी किती फिरतंय ते बघा.

त्यात उन्हाळ्यात पाण्याची धरायची ताकदच कमी. २० अंशाला लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. रोहू-कटल्याला ५ च्या वर लागतो.

मी पण शहाणा नव्हतो. मासे तोंड वर काढायला लागले तेव्हा बोअरचं ताजं पाणी म्हणून पाईप तळात सोडला. जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी. सकाळी पाट्या भरून रोहू काढले. तेच पाणी उंचावरून फवाऱ्यानं पाडलं असतं तर वाचले असते.

पिकाला दिवसा वीज द्या ही मागणी रास्तच आहे, मी पण करतो. पण मासेवाल्यांनी रात्रीच्या विजेचं बोललंच पाहिजे. पटत नसेल तर उद्या पहाटे चारला बॅटरी घेऊन तळ्यावर जा. मासे वर येऊन तोंड वासताना दिसले तर खाद्य थांबवा, एरेटर चालू करा. वाद नंतर घालू.